नुसतं बघणाऱ्या बाई

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच माझी इच्छा आहे, कारण ज्यांचा बसतो त्यांच्याशी पुढे बोलण्यात काही मजा राहत नाही. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर परवा संध्याकाळी चहाला वर आले होते, त्यांनाही मी हेच सांगून सुरुवात केली. डॉक्टर म्हणजे सभ्य गृहस्थ. दिवसभर समोरच्याच्या तोंडात आरसा घालून बसायचं, त्यामुळे त्यांच्या जगात मधे बोलणारं माणूसच नाही. असा श्रोता मिळायला नशीब लागतं.

"डॉक्टर," म्हटलं, "एक सबंध पाच मजली दुकान एका बाईनं बंद होऊ दिलं नाही. आणि बाई कशी, तर जिनं त्या दुकानातून बावीस वर्षांत साधी टाचणी घेतली नव्हती."

"एकोणीस," आतून आवाज आला. आमची ही आत इस्त्री करत होती.

"एकोणीस तर एकोणीस. तीन वर्षांनी काय बिघडतं?"

"बिघडत काही नाही. एकोणीस."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "काका, कोणतं दुकान?"

कोणतं म्हणून काय विचारता! मी ज्यात एकतीस वर्षं पडदे विकले ते. तळमजल्यावर अत्तरं आणि हातरुमाल, त्याच्यावर बूट, मग आमचे पडदे-चादरी, मग भांडीकुंडी आणि सगळ्यात वर पलंग-गाद्या. माणूस खालून सुगंध लावून चढायला लागला की वर पोचेपर्यंत त्याला झोप आलेली असायची, असा सगळा बेत होता. आणि तळमजल्यावर जिन्याखाली एक काचेची खोली, तिच्यात माइक, आणि माइकपुढे ही. "तिसऱ्या मजल्यावर ज्यांची छत्री राहिली आहे त्यांनी" असं ती म्हणाली की ज्यांची छत्री राहिलेली नसायची तेसुद्धा निमूट जिना चढायचे. आवाजच तसा. मी तिला पाहण्याआधी सात महिने नुसता ऐकत होतो. लग्नानंतरही तेच चालू आहे.

तर त्या दुकानाचा एक नियम होता. मोठ्या मालकांच्या वेळी एकदा कुणी नीट न बघता शटर ओढलं आणि आत, ब्लँकेटच्या विभागात, मालकांच्या सासूबाई राहिल्या. दीड दिवस. दार उघडलं तेव्हा त्यांनी सगळी ब्लँकेटं रंगांप्रमाणे लावून ठेवली होती आणि त्यांचा स्वतःचा रंग मात्र अगदी वेगळा झाला होता. त्यानंतर मालक घरात अकरा वर्षं फक्त "हो" म्हणाले. आणि दुकानात पितळेची पाटी लागली: गिऱ्हाईक आत, तोवर दुकान उघडं.

नुसती पाटी नव्हे, रीतच पडली. संध्याकाळी सात वाजले की प्रत्येक मजल्याच्या माणसानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. पडद्यांच्या मागे बघायचं, पलंगांखाली वाकायचं, कपडे बदलायच्या खोलीवर टकटक करायची. मग फोन उचलून खाली सांगायचं, "मजला मोकळा." पाच मजल्यांचे पाच निरोप आले की ही माइकवर बंद झाल्याची घोषणा करायची, आणि ती घोषणा कानावर पडली की रखवालदार शटर खाली घ्यायचा. घोषणा नाही तर शटर नाही. खुद्द मालक येऊन लोंबकळले तरी नाही.

"उत्तम पद्धत," डॉक्टर म्हणाले.

उत्तम होतीच. पण नंतर नंतर मजले मोकळेच असायचे. सातलाही आणि सकाळी अकरालाही. आधी समोर तो मॉल आला. चकचकीत, काचेचा, मधोमध कारंजं. सगळी गर्दी तिकडे वळली. आमच्याकडे उरले ते उन्हाळ्यात गारव्याला येणारे आणि बारा महिने शौचालयाला येणारे. मग मॉललाही उतरती कळा लागली, कारण लोक फोनवरच सगळं मागवायला लागले. माझ्यासमोर उभं राहून, माझ्याच टेपनं खिडकीचं माप समजून घेऊन, माझ्याच काउंटरवर कोपर टेकून फोनवरून पडदे मागवायचे. वर मलाच विचारायचे, "काका, यात हिरवा कोणता चांगला?"

डॉक्टर जरा ओशाळले. "मीसुद्धा दवाखान्यातली खुर्ची फोनवरच मागवली. बुटकी निघाली. पेशंटच्या तोंडात बघायला मला गुडघे टेकावे लागतात."

"बघा!"

शेवटी शेवटी समोरच्या मॉलमध्ये कारंजं आटलं आणि फोनची काच बदलून देणारा एक आणि पहारेकरी एक, एवढेच उरले. तो पहारेकरी दुपारी आमच्याकडे गप्पा मारायला यायचा. म्हणायचा, "तुमच्याकडे निदान बाई तरी येते."

म्हणजे त्या बाई. ठेंगण्याशा, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, खांद्याला एक रिकामी पिशवी. दर आठवड्याला यायच्या. "नुसतं बघतेय हं," म्हणायच्या आणि बसायच्या. मग मी एकेक ताका उलगडायचा. निळा, पिवळा, फुलांचा, रेघांचा, जाळीचा. काउंटरवर ढीग माझ्या हनुवटीला लागला की बाई उठायच्या. "विचार करून येते." झालं. आणि मी रात्रीच्या जेवणापर्यंत घड्या घालत बसायचो. नवा विक्रेता लागला की आम्ही त्याची परीक्षा म्हणून या बाई त्याच्या वाट्याला द्यायचो. बाई गेल्यावर ज्याच्या कपाळाला आठी नाही तो पास. एकोणीस वर्षांत दोघे पास झाले. त्यातला एक झोपला होता.

आणि एके दिवशी मुख्य कचेरीतून साहेब आले. उंच, लांब हातांचे, हातात चामड्याची बॅग, आणि बॅगेत कुलूप. कलिंगडाएवढं. आम्ही त्यांचं नाव लगेच पाडलं, कुलूपवाले साहेब. त्यांनी सगळ्यांना तळमजल्यावर गोळा करून पत्र वाचलं. आजचा दिवस शेवटचा. संध्याकाळी नियमाप्रमाणे दुकान बंद करावं, कुलूप लावावं आणि ते पुन्हा उघडू नये.

डॉक्टर, माझ्या पायांखालची फरशी सरकली. माझं तर गेलंच, पण हिचंही गेलं. दोघांची नोकरी एकाच छपराखाली. दुसऱ्या दिवसापासून घरात दोन रिकामी माणसं समोरासमोर बसणार आणि एकमेकांच्या चुका काढणार. तिला माझ्या इतक्या सापडतील की दिवस पुरायचा नाही. आणि मला येतं काय? खिडकी बघून कापड किती लागेल ते सांगता येतं. एवढ्या विद्येवर माणसाला या वयात कोण उभं करतं? म्हणजे ते दुकान उघडं राहणं ही माझ्या दृष्टीनं जगण्याचीच बाब होती. म्हणून मी त्या पत्रातला एकच शब्द धरून ठेवला. नियमाप्रमाणे.

सहा वाजेपर्यंत चिटपाखरू नाही. सव्वासहाला जिन्यावर पावलं वाजली. मी मान वर केली. चष्मा, दोरी, पिशवी.

"नुसतं बघतेय हं," बाई म्हणाल्या.

मला रडू कोसळायचं बाकी राहिलं. जिला बघून मी एकोणीस वर्षं काउंटरखाली वाकून काहीतरी शोधल्याचं सोंग केलं, तिच्यासाठी मी खुर्ची पुसली. फोन उचलून हिला सांगितलं, "घोषणा करू नकोस. त्या आल्यात."

"कोण त्या?"

"नुसतं बघतेय."

मग ही म्हणाली, "पाठीला उशी द्या. आणि जाळीच्या पडद्यांपासून सुरुवात करा, त्यांत त्या सर्वांत जास्त रमतात." बायको असावी तर अशी.

आतून इस्त्री जोरात आपटल्याचा आवाज आला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी पहिला पडदा उलगडला. फिकट, बारीक गुलाबांचा. बाईंनी हात फिरवला. म्हणाल्या, "छान आहे. द्या."

"काय द्या?"

"पडदा."

"कसला पडदा?"

"अहो, हाच. दोन खिडक्यांचा."

माझ्या हातून मोजपट्टी निसटली. म्हटलं, "बाई, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे मला. दुकान बंद होतंय असं ऐकलं. मनाला लागलं हो. एवढी वर्षं तुम्हाला घड्या घालायला लावल्या, आज काहीतरी घेतल्याशिवाय जायचं नाही असं ठरवूनच आले. द्या बांधून, मी निघते."

झाली का पंचाईत! एकोणीस वर्षं जिनं काही घेतलं नाही, तिला चांगुलपणाचा झटका आला तो नेमका आज. ती पडदा घेऊन गेली की मजला मोकळा. मजला मोकळा की घोषणा. घोषणा की कलिंगड. मी घाम पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच मालाच्या विरोधात तोंड उघडलं.

"बाई, हा रंग उन्हात उडतो. चार महिन्यांत खिडकीला पोतेरं लावल्यासारखं दिसेल."

"माझ्या खिडकीला ऊन येत नाही."

"मग ओल येत असेल. ओलीत हा आटतो. दुसऱ्या धुण्याला गुडघ्यापर्यंत येतो."

"खिडकी लहानच आहे."

"आणि ही फुलं बघा. गुलाब म्हणून छापलीत. चार पावलं मागे जा, कोबीचे गड्डे दिसतात."

बाईंनी चष्मा चढवला. चार पावलं मागे गेल्या. "अगंबाई, खरंच की!" मग परत येऊन खुर्चीत अशा बसल्या की खुर्चीलाही कळलं, आता लवकर सुटका नाही. "एकोणीस वर्षं तुम्ही मला प्रत्येक पडद्याला 'बाई, डोळे मिटून घ्या' म्हणालात. म्हणून तर मी डोळे उघडे ठेवून परत जायचे. आज पहिल्यांदा माणसासारखं बोललात. आणा दुसरा. त्यात काय खोट आहे?"

डॉक्टर, खोट होतीच की! प्रत्येकात होती. एकतीस वर्षं पोटात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. हा अंगाला चिकटतो. हा मांजराला आवडतो, मग मांजर त्यावरच राहतं. हा दिसायला दोन पदरी, पण दुसरा पदर फक्त कडेला आहे. बाईंच्या तोंडावर असा आनंद की बस.

पावणेसातला कुलूपवाले साहेब वर आले. "आटपलं का?"

मी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. साहेबांनी पत्रातला "नियमाप्रमाणे" पुन्हा वाचला आणि ओठ चावला. मग बाई त्यांच्याकडे वळल्या. "बरे आलात. जरा हात वर करा."

"माझे?"

"मग कुणाचे? यांचे आखूड आहेत. हा निळा धरा. खिडकीला कसा दिसेल ते कळू दे. असा नाही, चुण्या पडल्या पाहिजेत."

साहेब दोन्ही हात पसरून पडद्याची दांडी होऊन उभे. निळा झाला, मग राखाडी, मग शेंदरी. तिसऱ्या तासाला साहेब पडद्याआडून हळूच म्हणाले, "मला विचाराल तर निळाच बरा होता."

बाईंनी लगेच पकडलं. "तुमच्या घरी कोणता आहे हो?"

"आमच्याकडे... वर्तमानपत्र लावलंय."

"आणि बायको काही बोलत नाही?"

"बोलते," साहेब म्हणाले. त्या एका शब्दात त्यांचा सगळा संसार आला.

मी टेप काढली. "साहेब, खिडकी केवढी?"

त्यांनी बिचाऱ्यांनी हात पसरून दाखवली. एवढी. बस्स! ज्या क्षणी माणूस पडदेवाल्याला खिडकी हातांनी दाखवतो, त्या क्षणी तो गिऱ्हाईक झाला. आता आत दोन गिऱ्हाइकं. मी हिला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "मग माझा डबा वर पाठवते, तुम्ही काही येत नाही आता."

"काका, एक शंका," डॉक्टर म्हणाले. "ती बाई थकली नाही?"

"तुम्ही दाताला हात घातल्यावर माणूस मधे शंका विचारतो का?"

"तोंड उघडं असतं. विचारता येत नाही."

"मग तसंच उघडं ठेवा."

सकाळ झाली. म्हणजे दुसरा दिवस उजाडला आणि शटर वरच. बातमी मजल्यांवरून पसरली की दुसऱ्या मजल्यावर खरं बोललं की गिऱ्हाईक बसतं. मग काय, सगळेच सुटले. बुटांच्या मजल्यावरचा बूटवाला, ज्यानं आयुष्यात प्रत्येक बुटाला "घालून घालून सैल होतो" एवढंच म्हटलं होतं, तो ओरडून सांगायला लागला, "हा डाव्या पायाला चावतो! हा उजव्याला! आणि हा दोन्हींना, पण पाळीपाळीनं!" भांड्यांच्या मावशी म्हणाल्या, "या पातेल्याचा कान तिसऱ्या उकळीला हातात येतो, तुमचा तुम्ही विचार करा." समोरच्या मॉलचा पहारेकरी गप्पांना आला होता, त्यानं हे ऐकलं आणि धावत परत गेला. मॉलमधली होती नव्हती ती सगळी माणसं घेऊन आला. सात. त्यातली दोघं गेल्या वर्षापासून बाहेर जायचा रस्ता शोधत होती.

लोकांना असं खरं ऐकायची किती भूक होती म्हणून सांगू! फोनवर सगळ्या मालाला पाच-पाच तारे. इथे काउंटरवर उभा माणूस तोंडानं सांगतो की ही कढई वाकडी आहे, आणि वाकडी का आहे तेही सांगतो. माणसं घरी जाऊन म्हातारे आई-वडील घेऊन यायला लागली. चौथ्या दिवशी इतकी गर्दी झाली की आमचा सहा वर्षांपासून बंद पडलेला सरकता जिना वजनानं आपोआप चालू झाला. पण फक्त वर जाणारा. खाली येणारा तसाच बंद. म्हणजे माणूस आत आला की वरवरच जात राहायचा.

"आणि झोपायचे कुठे?"

"वरच्या मजल्यावर एकशेवीस पलंग होते."

"आणि अंघोळ?"

"अत्तरं तळमजल्यावर."

डॉक्टरांनी कपातला उरलेला चहा घोटभर पिऊन टाकला, बहुधा धीर यावा म्हणून.

मुख्य कचेरीला वाटलं, कुलूपवाले साहेब आजारी पडले. त्यांनी दुसरे साहेब पाठवले. ते सरळ वर गाद्यांच्या मजल्यावर पोचले. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, ही गादी वर्षभरात मधोमध खचते. दोघं झोपलात तर रात्रभर घरंगळून एकमेकांवर येणार." साहेबांचा घरी चार महिने अबोला चालू होता. त्यांनी दोन गाद्या मागितल्या, एक राखीव म्हणून. मग तिसरे आले, ते भांड्यांत हरवले. चौथ्या बाई होत्या, कडक, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांना बूटवाल्यानं सांगितलं, "बाईसाहेब, या टाचेवर तुम्ही उंच दिसाल, पण पडाल." एवढं स्पष्ट त्यांच्याशी कचेरीत कुणी बोललं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या त्या बसल्याच.

असं करता करता कचेरीतली सगळी माणसं आमच्याकडे. तिकडे राहिले फक्त अध्यक्ष आणि कुंड्यांना पाणी घालणारा. अध्यक्षांना चहा मिळेना, तेव्हा ते स्वतः आले. आल्या आल्या विचारलं, "इथला जबाबदार माणूस कोण?" सगळ्यांनी बाईंकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "बसा. तुम्हाला हिरवा कसा वाटतो?" अध्यक्ष म्हणाले, "सुंदर." मी म्हटलं, "नाही हो, अध्यक्षसाहेब, शेवाळ्यासारखा आहे." अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बारा वर्षांत मला कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं."

आणि तिकडे कचेरी रिकामी, फोन वाजतोय, उचलायला कुणी नाही. शेवटी कचेरीच बंद करावी लागली. ते कलिंगडाएवढं कुलूप कुठे लागलं म्हणता? तिकडे! कुलूपवाल्या साहेबांनी जाऊन स्वतः लावलं आणि लगेच परत आले, कारण निळ्या पडद्याची त्यांची शिवाई व्हायची होती.

"शिलाई," आतून आवाज.

"तेच ते."

एकच प्रसंग अवघड आला. चाळिसाव्या दिवशी. मी सहाशेचाळिसावा पडदा उलगडला, त्यातली खोट सांगितली, आणि बाई एकदम उभ्या राहिल्या. पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "विचार करून येते."

सबंध दुकानाचा श्वास अडकला. खाली बूटवाल्याच्या हातून बूट पडला तो मला वर ऐकू आला. बाई निघाल्या की बाकीचेही निघणार, त्यांच्याकडे बघूनच तर सगळे बसले होते. पण डॉक्टर, मी काही असातसा पडदेवाला नाही. मी म्हटलं, "बाई, विचार करायला घरी कशाला? इथेच करा." आणि सहाशेचाळीस पडदे टांगून त्यांच्या भोवती एक खोली उभी केली. आत खुर्ची, उशी, एक दिवा. बाहेर पाटी: आत विचार चालू आहे. बाई आत शिरल्या, म्हणाल्या, "असं असेल तर ठीक आहे."

त्या अजून आत आहेत. विचार चालू आहे. त्यामुळे दुसरा मजला कधी मोकळा झाला नाही, हिची ती शेवटची घोषणा कधी झाली नाही आणि शटर आजतागायत वर आहे.

डॉक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, अक्कलदाढ हलवून बघावी तसे. "म्हणजे काका, दुकान आजही चालू आहे?"

"चालू म्हणजे! तोबा गर्दी."

"मग तुम्ही दोघं घरी कसे?"

"गर्दीमुळेच! पाय ठेवायला जागा नाही आत. आम्हीच म्हटलं, गिऱ्हाइकांना अडचण नको. विचारा हवं तर हिला, तिनं कधी ती घोषणा केली का. अगं ए, सांग डॉक्टरांना!"

इस्त्रीचा आवाज थांबला. ही दारात येऊन उभी राहिली, हातात माझाच अर्धा इस्त्री झालेला सदरा. आणि माइकवर बोलायची त्याच आवाजात, जो ऐकून पाच मजले गप्प व्हायचे, म्हणाली:

"खोटं! साफ खोटं! बाई आल्या, पहिलाच पडदा बघून 'द्या' म्हणाल्या, आणि तुम्ही काय म्हणालात? 'डोळे मिटून घ्या!' सवयच ना तोंडाला! वर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खपला म्हणून शीळ घातलीत ती मला खाली ऐकू आली. पावणेसातला बाई घरी गेल्या, डॉक्टर. सात वाजता चार मजल्यांचे निरोप आले, यांचा येईना. मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणतात, 'मोकळा नाही. अजून मी आहे.' साहेब माझ्या शेजारी कुलूप घेऊन उभे. त्यांनी विचारलं, 'कोण आहे वर?' मी म्हटलं, 'कोणी नाही हो, आमचेच हे आहेत,' आणि केला माइक चालू!"